लस टोचली, पण जंतूंवर पाळत हवीच

पावसाळा लागला की आमच्या डोंबिवलीच्या दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात. त्यातला एखादा ताप चार-पाच दिवस झाले तरी हटत नाही. जिभेवर पांढरा थर, भूक मेलेली, पोट बिघडलेले. घरची मंडळी काळजीने विचारतात, "डॉक्टर, टायफॉइड तर नाही ना?" अलीकडे आणखी एक प्रश्न येतो. "मुलाला टायफॉइडची लस दिली आहे, मग रक्त कशाला तपासायचे?" या प्रश्नाचे चांगले उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या नवी मुंबईत मिळते.

नवी मुंबईची मोहीम

टायफॉइडच्या, म्हणजे विषमज्वराच्या, नव्या संयुग्म लसीचा सार्वजनिक मोहिमेत वापर जगात सर्वप्रथम नवी मुंबई महापालिकेने केला. ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे ३ लाख २० हजार मुलांना दोन टप्प्यांत लस द्यायचे ठरले. १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या पहिल्या टप्प्यात १,१३,४२० मुलांना ती टोचली गेली.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. शहरातल्या सहा रुग्णालयांत तीन किंवा अधिक दिवस ताप असलेल्या मुलांच्या रक्ताचे कल्चर करण्याची सोय झाली. कल्चर म्हणजे बाटलीतल्या पोषक द्रवात रक्त घालून त्यातले जंतू वाढू देणे. सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ या काळात टायफॉइडचे ८१ बालरुग्ण असे पक्के सापडले. कल्चरमध्ये जंतू न निघालेल्या २३८ मुलांशी त्यांची तुलना केली, तेव्हा मोहीम झालेल्या वस्त्यांत टायफॉइडचा धोका ५६ टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या वर्षात हा आकडा ७० टक्के होता. लसीचा गुण आला, हे कल्चरमुळेच छातीठोकपणे सांगता आले. तो किती वर्षे टिकतो हेही पुढच्या कल्चरवरूनच कळणार.

जंतूचा कोट

टायफॉइडच्या जंतूभोवती शर्करेचे एक आवरण असते. त्याला 'व्हीआय' म्हणतात. लस आपल्या शरीराला हे आवरण ओळखायला शिकवते. चोराला त्याच्या कोटावरून ओळखावे, तसेच हे. पण टायफॉइडचा चुलतभाऊ पॅराटायफॉइड 'ए' हा कोट घालतच नाही, त्यामुळे लसीचा त्याच्यावर इलाज चालत नाही. क्वचित टायफॉइडचे असे जंतूही सापडतात, ज्यांनी हे आवरण टाकून दिलेले असते. लसीकरण वाढल्यावर कोट नसलेल्यांचे फावते का, यावर लक्ष ठेवायलाच हवे. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून निघालेला जंतू प्रयोगशाळेत जपून ठेवतात, कोणते औषध त्याला मारते ते पाहतात आणि आता त्याची जनुकेही वाचतात. दोन गावांतले जंतू एकाच कुळातले आहेत का, हे त्यावरून समजते.

औषधे थकतात

एके काळी क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचे रामबाण औषध होते. १९९० च्या सुमारास आपल्याकडे त्याला न जुमानणारे जंतू पसरले आणि डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळले. आज भारतातले टायफॉइडचे बहुतेक जंतू त्यालाही दाद देत नाहीत. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व अ‍ॅझिथ्रोमायसिनवर आहे. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ च्या अखेरीस जी साथ सुरू झाली, तिच्यातल्या जंतूंनी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही हरवले. तेथे २०१९ च्या नोव्हेंबरात हीच संयुग्म लस मोहीम काढून द्यावी लागली. औषधांना न जुमानणारा जंतूही हाच कोट घालतो, म्हणून लस त्याच्यावरही चालते. तिचे मोल यातच आहे.

जंतूला महापालिकेची हद्द कळत नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने आणि कल्याण-डोंबिवलीहून शिळफाट्यामार्गे रोज हजारो माणसे नवी मुंबईत जा-ये करतात. तेथे आज जो जंतू आहे तो उद्या आपल्या गल्लीत येऊ शकतो, इकडचा तिकडे जाऊ शकतो. म्हणून ठाणे-कल्याणच्या रुग्णांचे कल्चरही तितकेच मोलाचे आहे.

आपल्या हातात काय?

पुष्कळदा घडते असे की, ताप आला की घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या जातात किंवा दुकानातून आणल्या जातात. मग रक्तातले जंतू दबतात, कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि नेमके औषध कोणते हे कळण्याची संधी जाते. विडाल तपासणी स्वस्त व झटपट असली तरी ती १८९६ सालची आहे. पूर्वी होऊन गेलेल्या आजारामुळेही ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते आणि कोणते औषध चालेल हे ती कधीच सांगत नाही. कल्चरमध्ये जंतू निघाला नाही म्हणून टायफॉइड नाहीच, असेही नाही. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

तेव्हा एवढे करावे. ताप तीन दिवसांवर गेला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी रक्त द्यावे. मुलाला लस दिली असल्यास तारखेसह कार्ड दाखवावे. दिलेली नसल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारावे. सहा महिन्यांनंतर एका टोचणीत ती देता येते. औषधाचा कोर्स बरे वाटले तरी अर्धवट सोडू नये. ताप असताना पोटात जोराची कळ आली, पोट कडक झाले, शौचातून रक्त गेले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर लगेच रुग्णालय गाठावे. आणि लस असो वा नसो, पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे. पाण्यातून येणारे बाकीचे जंतू या लसीला ओळखत नाहीत.