बोडीचा गाळ काढताना
अड्याळ भागात धानाच्या बांधीजवळ जुन्या बोड्या आहेत; गाळानं बुजलेल्या, बेशरमनं वेढलेल्या. धान निसवताना पावसानं दडी मारली, तर बोडीचं पाणीच पीक वाचवतं.

उन्हाळ्यात बोडी आटली की बेशरम मुळासकट उपटा. तिचे ओले तुकडे पुन्हा रुजतात, म्हणून कडक उन्हात वाळवून जाळा. मग गाळ काढून बांधीत पसरा. पण खाली घट्ट चिकणमाती लागली की थांबा! तोच बोडीचा तळ. तो फोडला तर पाणी मुरून जातं. जेसीबीवाल्याला हे आधीच सांगा. पाळीची भगदाडं बुजवा, सांडवा मोकळा करा. एका बाजूला उतार ठेवा, म्हणजे पाण्यात गेलेलं वासरू बाहेर येईल.

पावसाआधी गटाच्या बैठकीत दिवस ठरवा, बरं का!