कसूर आणि हरामखोरी

मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. कोळी त्याला कासा म्हणतात. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधला. याच किल्ल्यापायी 18 जानेवारी 1675 रोजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना एक जळजळीत पत्र लिहिले. काम जाणूनबुजून अडवणाऱ्याला काय म्हणावे, हे त्या पत्रातून शिकावे.

झाले होते असे. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमाराला पैसा व धान्य मिळावे म्हणून मोरोपंत पेशव्यांनी सुभ्यावर वराता, म्हणजे ऐवज देण्याचे हुकूम, दिल्या होत्या. सुभेदाराने काहीच पोचवले नाही. पद्मदुर्गाला पाणी हवे, जळाऊ फाटी हवी. हबशी, म्हणजे सिद्दीचे लोक, चौफेर दबा धरून, आणि आरमार खोळंबलेले. ऐवज दुसरीकडे भरला तरी तो मजरा, म्हणजे हिशेबात जमा, धरला जाईल, असा सुभेदाराचा हिशेब असावा, हे महाराजांनी नेमके ओळखले. शत्रूने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले की काय, असेही विचारले. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, हेही बजावले. या वर्तनाला त्यांनी शब्द वापरला तो ‘हरामखोरी’.

आज सरकारी आदेशात अशा वेळी ‘कर्तव्यात कसूर’ असे लिहितात. ‘कसूर’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ कमी पडणे, आखूड होणे. जुन्या कागदांतली ‘तकसीर’ त्याच धातूची. प्रवासात मुसलमान जी आखूड केलेली नमाज पढतात तिला ‘कसर’ म्हणतात, तीही त्याच कुळातली. (पैपैशाची काटकसर मात्र निराळी.) म्हणजे कसूर करणारा कमी पडतो. हरामखोर मात्र हक्काचे नसलेले खातो: पगार एकाचा आणि चाकरी दुसऱ्याची, किंवा कोणाचीच नाही.

हा भेद याच किनाऱ्याने पुन्हा पाहिला. फेब्रुवारी 1993 मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटके उतरली. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली. पुढे विशेष टाडा न्यायालयाने कस्टम आणि पोलीस खात्यांतल्या काही जणांनाही दोषी ठरवले. तपासणी करायला नेमलेल्यांनीच माल जाऊ दिला होता. तिथे कोणी कमी पडले नव्हते. तिथे सौदा झाला होता.

रात्रपाळीत डोळा लागला, फाइल वेळेत पुढे गेली नाही, ही कसूर. तिला शिक्षा असावी, समजही असावी. पण पैसे घेऊन डोळे मिटणाऱ्याच्या निलंबन-आदेशात हाच सौम्य शब्द लिहिणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे. त्या गुन्ह्याचे नाव साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. आदेश लिहिणाऱ्यांनी ते वापरायला कचरू नये.