अंगठा आणि कायदा

माझे वडील कंत्राटदाराच्या हजेरीपटावर अंगठा देत. वर किती मजुरी लिहिली आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. घरातला पहिला पदवीधर मी. कल्याणच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. माझे विद्यार्थी फेसबुकवर दिवसाकाठी शंभर अंगठे उठवतात. तो अंगठा कोणत्या कागदावर उमटतो, हे वाचण्याची सोय त्यांनाही नाही.

आपल्याकडचीच घटना घ्या. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. हा बंद कशासाठी, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर केला. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. जमाव आला, पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि पोलिसांनी आधी अटक केली ती या दोघींना. फोडणाऱ्यांकडे लक्ष नंतर गेले. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ होते. मजकूर 'त्रासदायक' कधी ठरतो, हे ते कलम सांगत नव्हते.

दुसरीवरचा आरोप 'लाइक'चा! हे बटण फेसबुकने २००९ मध्ये आणले. दिसायला ती नुसती मान डोलावणे आहे. सभेत डोलावलेली मान सभेपुरती राहते. इथे मात्र ती मोजली जाते, आणि त्या मोजणीवरून तो मजकूर आणखी कोणाच्या डोळ्यांपुढे धरायचा हे यंत्र ठरवते. मैत्रिणीला होकार देणारी मुलगी नकळत दवंडी पिटत असते. पोलिसांनी दवंडी ऐकली. ती गावभर नेणारे यंत्र त्यांना दिसले नाही.

या प्रकरणानंतर झालेल्या 'श्रेया सिंघल' खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ घटनाबाह्य ठरवले. निकाल मोठाच. (तरी पोलीस ते कलम लावतच राहिले, २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.) माणूस सुटला, पण यंत्राची चौकशी राहिली. २०१७ पासून फेसबुकच्या मोजणीत रागाच्या चेहऱ्यासारख्या खुणांना 'लाइक'च्या पाचपट वजन होते. जगाला हे कळले २०२१ मध्ये, कंपनीचे कागद बाहेर आल्यावर. संतापाला पाचपट वजन द्यावे, हा ठराव कोणत्या विधानसभेने केला होता?

आणि किंमत कोण भरतो? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. पालावरचा फाटका माणूस गावाला पूर्वीपासूनच चोर वाटतो; तो संशय काही यंत्राने जन्माला घातलेला नाही. यंत्राने त्याला पाय दिले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि चित्रफितीशेजारचा पुढे पाठवण्याचा बाण काढून टाकला. म्हणजे हे आधीही करता आले असते.

'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. तेव्हा दार बंद होते आणि बंद करणारा दिसत होता. आज दार उघडे आहे, म्हणून आपल्या पोरांनी मोबाइल टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. पण कोणाचा आवाज किती पोचावा हे ठरवणारा आता दिसत नाही.

सरकारचे २०२१ चे नियम पुन्हा माणसाच्याच मागे लागले आहेत. निरोप पहिल्यांदा कोणी पाठवला हे आदेश मिळताच शोधून द्या, असे ते निरोपांच्या मोठ्या कंपन्यांना सांगतात. व्हॉट्सअ‍ॅप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचा स्वार्थ तिच्यापाशी. माझी धास्ती वेगळी आहे: त्या पहिल्याला शोधायला पोलीस बंगल्यात शिरतील की आमच्या वस्तीत? मोजणीची वजने जाहीर करा, असे मात्र त्या नियमांत कुठेच नाही. युरोपच्या २०२२ च्या कायद्याने मजकूर कोणत्या मुख्य निकषांवर पुढे येतो ते सांगणे कंपन्यांना भाग पाडले आहे. तसे कलम आपण मागितले पाहिजे, आणि ती माहिती मराठीत मिळावी हेही त्यातच लिहून घेतले पाहिजे.