मॉरिशस : उसाने वसवलेला देश

मॉरिशस म्हटले की निळा समुद्र आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर येते. पण हा देश ऊसतोड मजुरांनी उभा केला, हे किती जणांना ठाऊक आहे? माझे आई-अण्णा दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याला जातात. म्हणून मला ही माहिती फार आवडली.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला हे ज्वालामुखीचे बेट आहे. राजधानी पोर्ट लुई. देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

इथे मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. १५९८ साली डच लोक उतरले. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. इथल्या डोडो पक्ष्याला उडता येत नसे. माणसांनी त्याला मारले, जहाजातून आलेल्या उंदीर-डुकरांनी त्याची अंडी खाल्ली. शंभरेक वर्षांत डोडो जगातूनच नाहीसा झाला!

पुढे १७१५ साली फ्रेंच आले व १८१० साली इंग्रज. उसाच्या मळ्यांत आफ्रिका-मादागास्करचे गुलाम राबत. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. मग ऊस तोडणार कोण? त्यासाठी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथून जहाजे सुटत. सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. तिथे एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत! सांगा पाहू, हा कुठला न्याय?

गांधीजी १९०१ साली तिथे थांबले होते. मुलांना शिकवा, असे त्यांनी लोकांना सांगितले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. ही तारीख दांडीयात्रेची आठवण म्हणून निवडली. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणूनच गेले होते.

नुसत्या साखरेवर भागेना, म्हणून देशाने कापड कारखाने आणि पर्यटन वाढवले. २०१९ साली सुमारे १३ लाख ८० हजार पाहुणे आले, म्हणजे तिथल्या माणसांपेक्षा जास्त! बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे. तो लाटा अडवतो, म्हणून किनाऱ्याचे पाणी शांत राहते. जुलै २०२० मध्ये एक मोठे जहाज त्याच्यावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा लोक धावले. त्यांनी कापडात उसाचे पाचट भरून लांब गुंडाळ्या केल्या व तेल अडवले. बघा, ऊस पुन्हा कामाला आला!

तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि काही शाळांत मराठीही शिकवतात. मजूर जिथे उतरत, तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत आहे. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. पळालेले गुलाम ज्या डोंगरात लपत, त्या ल मॉर्नलाही २००८ मध्ये तो मान मिळाला.

पर्यटन म्हणजे नुसती मौज नव्हे. ज्यांच्या घामावर देश उभा राहिला, त्यांच्या पाऊलखुणा पाहणे हेही पर्यटनच. मोठेपणी मॉरिशसला गेलो, तर मी आधी आप्रवासी घाटावर जाईन, मग समुद्रावर.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी