जे उरलं ते कोणी ठेवलं? भयकथांचे संग्रह आणि आपला 'नमुना'

पेट पास झाली, कोर्सवर्क संपलं आणि सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईड हमखास विचारतात, "नमुना कसा निवडला?" आपण बिनधास्त लिहून टाकतो, "उपलब्ध साहित्यातून." पण उपलब्ध म्हणजे काय? कोणीतरी ते ठेवलं, म्हणून तुमच्यापर्यंत आलं. बाकीचं रद्दीत गेलं. हे समजून घ्यायला आज मी भयकथा-अद्भुतकथांची पुस्तकं, मासिकं आणि सिनेमाच्या वस्तू जमवणाऱ्यांचं उदाहरण घेतेय. (विषय माझ्या आवडीचा आहे, हे उघड आहे.)

सुरुवात अमेरिकेतल्या 'विअर्ड टेल्स' या मासिकापासून करू. पहिला अंक मार्च १९२३ चा. अशा मासिकांना 'पल्प' म्हणत, कारण कागद अगदी स्वस्त, लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्याचा. त्या लगद्यात लिग्निन तसंच राहतं. उजेड आणि हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि पान पिवळं पडतं. पण पिवळेपणा हे खरं दुखणं नाहीच. शाई फुटू नये म्हणून त्या काळी कागदात राळ आणि ॲल्युमिनियम सल्फेट घालत. त्यामुळे कागद आम्लधर्मी होतो. हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या मध्येच तोडतं, म्हणजे तेच आपलं बारावीतलं हायड्रोलिसिस. साखळ्या आखूड झाल्या की पान घडीवर तुटतं. उष्णता आणि दमटपणा असला की हे सगळं आणखी वेगाने होतं. म्हणजे एखादा अंक आज शाबूत असेल, तर त्यात मजकुराचं कर्तृत्व शून्य. तो कुठल्या खोलीत पडून होता, हे महत्त्वाचं.

आता याचा परिणाम बघा. 'विअर्ड टेल्स' म्हटलं की आज लव्हक्राफ्टचं नाव येतं. त्याची 'द कॉल ऑफ कथुलू' ही कथा फेब्रुवारी १९२८ च्या अंकात आली होती. पण त्या मासिकात सगळ्यात जास्त छापला गेलेला लेखक होता सीबरी क्विन, आणि त्या वेळच्या वाचकांचा तो लाडका होता. मग फरक कुठे पडला? लव्हक्राफ्ट वारल्यावर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्राय यांनी १९३९ मध्ये 'अर्कम हाऊस' ही प्रकाशनसंस्था काढली, ती मुख्यतः त्याच्या कथा पक्क्या बांधणीत छापायला. पक्कं पुस्तक ग्रंथालयात जातं, पल्प अंक रद्दीवाल्याकडे. लव्हक्राफ्ट मोठा लेखक नाही असं माझं म्हणणं नाही. पण 'त्या काळचे वाचक काय वाचत होते' हा तुमचा प्रश्न असेल आणि तुम्ही फक्त पक्की पुस्तकं मोजलीत, तर उत्तर चुकेल. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: जे तगलं त्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं.

सिनेमात तर हे आणखी विचित्र होतं. 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा लॉन चेनीचा १९२७ चा मूकपट. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. एमजीएमच्या गोदामाला १९६० च्या दशकात आग लागली, त्यात शेवटची ज्ञात प्रत गेली असं मानलं जातं. २००२ मध्ये उरलेली स्थिरचित्रं जोडून एक आवृत्ती उभी केली गेली. आणि याच चित्रपटाचं एक पोस्टर २०१४ मध्ये ४,७८,००० डॉलरला विकलं गेलं! चित्रपट गेला, चार दिवस लावून फेकायचा कागद राहिला. लिलावाची किंमत दुर्मिळता सांगते. तेव्हा किती लोकांनी तो पाहिला, हे ती सांगत नाही.

मग संग्राहकांवर किती विसंबायचं? मला वाटतं, बरंच, पण त्यांच्या सवयी ओळखून. लॉस एंजेलिसच्या फॉरेस्ट ॲकरमनने (१९५८ पासून निघालेल्या 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड'चा संपादक) घरभर पुस्तकं, मुखवटे, सिनेमातल्या वस्तू जमवल्या. अनोळखी चाहत्यांनाही तो घर उघडून दाखवायचा. चेनीने त्या हरवलेल्या चित्रपटात वापरलेले दातसुद्धा त्याच्याकडे होते. २००८ मध्ये तो वारला आणि २००९ मध्ये उरलेल्या संग्रहाचा लिलाव झाला. वस्तू नष्ट झाल्या नाहीत, पण कोणती कशाच्या शेजारी होती आणि कुठून आली, हा धागा सुटला. संशोधकाला तोच तर हवा असतो. याउलट जे. लॉइड ईटन या डॉक्टरांची सुमारे ७,५०० पुस्तकं १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेने एकत्र घेतली. तिथे आज संशोधक बसून काम करतात. पण त्यातही बघा, ईटन यांचा भर पक्क्या बांधणीवर होता. म्हणजे ठेवणाऱ्याची आवड तुमच्या नमुन्यात आलीच.

मराठीतही हेच. नारायण धारपांच्या कादंबऱ्या किंवा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा यांवर काम करायचं असेल, तर वाचनालयाच्या प्रती पुष्कळदा मूळ मुखपृष्ठ काढून पुठ्ठ्यात बांधलेल्या मिळतात. कथा वाचता येते, पण चित्र, किंमत, मागची जाहिरात गायब. मुखपृष्ठांवर प्रबंध करणाऱ्याने अशा प्रती मोजायच्या की नाही, हे आधीच ठरवून प्रकरणात लिहायला हवं.

म्हणून कुठल्याही संग्रहात गेलात की पुस्तकांआधी दाखल नोंदवही मागा. पुस्तक कधी आलं, विकत की भेट, कोणाकडून, आणि कोणती पुस्तकं 'बाद' करून काढून टाकली, हे तिथे सापडतं. बाद पुस्तकांची यादी मिळाली तर तिचा फोटो काढून ठेवा. आणि जुना अंक चुकून हाती लागलाच, तर कृपा करून लॅमिनेशन करू नका. आतलं आम्ल आतच राहतं, कागद आत खराब होत राहतो आणि पुढे कोणाला तो दुरुस्त करायचा झाला तर प्लास्टिक सुटत नाही.