एकाच ओळीत डावीकडे तारीख, उजवीकडे सही : अर्ज आणि दावतनामा टाइप करताना

तीर्थपुरीसारख्या गावात शिष्यवृत्तीचा अर्ज, मस्जिद कमिटीचा ठराव किंवा निकाहचा दावतनामा आता बहुतेक घरच्या लॅपटॉपवर टाइप होतो आणि पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानात प्रिंट काढली जाते. घरी सगळं सरळ दिसतं. दुकानात मात्र ‘अर्जदाराची सही’ घसरून खालच्या ओळीत जाते, सेक्रेटरीच्या सहीची जागा सदर साहेबांच्या नावाखाली येते. सही भलत्याच नावाखाली झाली की ठराव पुन्हा लिहा, पुन्हा सगळ्यांना गोळा करा!

असं का होतं? आपण स्पेसबार दाबून जागा सोडतो. स्पेसची रुंदी फॉन्टवर ठरते. आपला फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसेल तर तो दुसरा फॉन्ट लावतो आणि सगळं सरकतं. कंट्रोल आणि आर दाबूनही काम होत नाही, कारण त्याने पूर्ण परिच्छेद उजवीकडे जातो, अर्धी ओळ नाही.

यावर इलाज म्हणजे टॅब. हा शब्द टाइपरायटरच्या ‘टॅब्युलेटर’वरून आला. वर्डमध्ये असं करा:

१. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘रूलर’वर टिक करा.

२. ओळीतल्या जादा स्पेस काढा आणि कर्सर त्याच ओळीत ठेवा.

३. ‘होम’मधून ‘पॅराग्राफ’ची खिडकी उघडा, खाली ‘टॅब्स’ दाबा.

४. पोझिशनमध्ये १५.९२ सेमी लिहा, ‘राइट’ निवडा, ‘सेट’ आणि ‘ओके’ करा.

५. उजवीकडे न्यायच्या शब्दाआधी टॅबचं बटण एकदाच दाबा.

हा आकडा कुठून आला? ए-४ कागद २१ सेमी रुंद असतो. दोन्ही बाजूंचा समास २.५४ सेमी धरला तर मजकुराला १५.९२ सेमी उरतात. तुमचा समास वेगळा असेल तर आकडा बदला. मधोमधही काही हवं असेल तर ७.९६ वर ‘सेंटर’ टॅब लावा. लागलेला टॅब रूलरवर माउसने ओढून पुढे-मागे करता येतो. मोफत मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्येही ‘फॉरमॅट’, ‘पॅराग्राफ’, ‘टॅब्स’ हाच मार्ग आहे.

दावतनाम्यात याचा चांगला उपयोग होतो. डावीकडे ‘७ शव्वाल १४४६ हि.’ आणि त्याच ओळीत उजवीकडे ‘रविवार, ६ एप्रिल २०२५’. तारीख कितीही लांब असो, शेवट उजव्या कडेलाच जुळतो.

उर्दू आणि मराठी शेजारी-शेजारी हवी असेल तर मात्र टॅबच्या नादी लागू नका. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून चालते. एका ओळीत दोन्ही आल्या की कंस आणि आकडे जागा बदलतात. त्यापेक्षा दोन रकान्यांचा तक्ता घ्या. उर्दूच्या रकान्याला ‘उजवीकडून डावीकडे’ ही दिशा द्या आणि तक्त्याच्या रेषा काढून टाका. तक्त्याच्या आत टॅब हवा असेल तर कंट्रोल धरून टॅब दाबा, नाहीतर कर्सर पुढच्या घरात उडी मारतो.

शेवटी, प्रिंटसाठी वर्डची फाइल न देता पीडीएफ करून द्या. मग दुकानात काहीच सरकणार नाही. घरातल्या मुला-मुलींना हे एकदा करून दाखवा. पुढचा अर्ज तेच बिनचूक टाइप करतील, इन्शाअल्लाह.