मोकळे घर : थाट कोणाचा, सोय कोणाची?



घराच्या सजावटीवर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु युनियनच्या कामासाठी मी शेकडो खोल्यांतून बसलो आहे, आणि पगारातला केवढा भाग भिंतीला टेकून धूळ खात उभा असतो, ते मी तेथेच पाहिले आहे. तेव्हा हा विषय माझ्याही खात्यातला आहे.

हल्ली जिला ‘मिनिमलिस्ट’ सजावट म्हणतात, तिचे सार एवढेच : उपयोगाची नाही ती वस्तू घरात नको, आणि जी आहे तिच्यावर नक्षीचा बोजा नको. कल्पना जुनीच आहे. व्हिएन्नाचे वास्तुशिल्पी आडॉल्फ लोस यांनी 1910 च्या सुमारास अलंकरणाविरुद्ध गाजलेले व्याख्यान दिले. त्यांचा मुद्दा केवळ सौंदर्याचा नव्हता, श्रमाचाही होता. वस्तू झिजण्यापूर्वीच तिच्यावरच्या नक्षीची फॅशन जुनी होते. मग धडकी वस्तू टाकली जाते, आणि कारागिराचे श्रम फुकट जातात. तथापि याच लोस यांनी धनिक गिऱ्हाइकांच्या घरांत उंची संगमरवर वापरला. साधे दिसणे आणि स्वस्त असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रांकफुर्ट शहराने घरटंचाईवर उपाय म्हणून मोठ्या वसाहती बांधल्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी 1926 साली एक स्वयंपाकघर आखले : सुमारे सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. काम करणारीची पावले मोजून ओटा आणि फडताळे बसवली. इस्त्रीची फळी भिंतीला दुमडून ठेवली. धान्याला अल्युमिनियमचे खण केले. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे झाली. कारखान्यात घड्याळ लावून हालचाली मोजतात त्या बहुधा काम वाढवण्यासाठी. येथे तीच मोजणी बाईची दमछाक कमी करण्याकरिता झाली.

आता मुंबईकडे पाहू. बी.डी.डी. चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या. खोली 160 चौरस फुटांची. सकाळी वळकटी गुंडाळली की झोपायची जागा बसायची होई, दुपारी जेवायची, रात्री मुलांच्या अभ्यासाची. ही काही कलादृष्टी नव्हती, नाइलाज होता. त्याचे गोडवे गाऊ नयेत. पुनर्विकासात अशा कुटुंबाला 500 चौरस फुटांचे घर मिळते. नेमका येथेच धोका आहे. किल्ली हाती येताच शोकेस, फॉल्स सीलिंग, भलामोठा सोफा, आणि त्यांच्यामागून हप्ते!

थोडा हिशेब करा. चार फूट रुंद, दोन फूट खोल कपाट 8 चौरस फूट जागा घेते. दारे उघडून पुढे उभे राहायला तेवढीच जागा लागते. म्हणजे 16 झाले. जुन्या खोलीचा हा दहावा हिस्सा! म्हणून कपाट घेण्यापूर्वी खडूने जमिनीवर त्याची रेघ मारावी आणि दोन दिवस ती न ओलांडता वावरून पाहावे. वस्तूंचे तीन वाटे करावेत : रोज लागणाऱ्या हाताशी, सणासुदीच्या वरच्या फळीवर, आणि वर्षभर न हललेल्यांचा घरच्यांनी मिळून निकाल लावावा. खिडकी सामानाने अडवू नये. फिकट रंगाची भिंत उजेड परतवते, गडद रंगाची गिळते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट चार बोटे दूर ठेवावे, नाही तर मागे बुरशी धरते.

परंतु एक गोष्ट विसरू नका. लागेल तेव्हा नवे आणता येते, त्याला घर रिकामे ठेवणे सोपे असते. ज्याची नोकरी उद्याची खात्री देत नाही, तो जुना स्टोव्ह पोटमाळ्यावर जपतो. तो त्याचा अडगळीचा सोस नव्हे, त्याचा विमा आहे. त्याला ‘पसारा’ म्हणून हसू नये.

शिवाय प्रत्येक शोभेची वस्तू कोणी तरी रोज पुसत असते, आणि ते हात बहुतेक घरांत बाईचेच असतात. तेव्हा नवी वस्तू आणताना किंमत विचारावी, हप्ता विचारावा, आणि ती पुसणार कोण, हेही विचारावे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पटली, तर ती वस्तू खुशाल घरात यावी.